दाराच्या बिजागरीतला अडकलेला स्क्रू कसा काढावा

जुनी बिजागरी बदलायला घेतली की दोन-तीन स्क्रू मुकाट्याने सुटतात आणि उरलेला एक अडून बसतो. त्याचं खरं वाटोळं गंजापेक्षा चुकीचा पेचकस करतो. टोक एकदा घसरलं की खाचेच्या कडा गोल होतात आणि मग ते घसरतच राहतं. पहिल्यांदा घसरलं की लगेच थांबा.

आधी दाराखाली, कडीच्या बाजूला लाकडी पाचर सारून दाराचा भार बिजागरीवरून काढा. कित्येकदा भारानेच स्क्रू आवळलेला असतो. मग टोकदार खिळ्याने खाचेतला रंग आणि गंज तळ दिसेपर्यंत खरवडा. ८ नंबरच्या (साधारण ४ मिमी जाडीच्या) स्टार स्क्रूला, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेल्याला, पीएच २ टोक लागतं (पीएच म्हणजे फिलिप्स, पुढचा आकडा टोकाचं माप). पीएच १ बसल्यासारखं वाटतं, पण आत हलतं आणि खाच तेच खातं. सरळ खाचेला खाचेइतकंच रुंद पातं घ्या.

पेचकस खाचेत स्क्रूच्या सरळ रेषेत धरून मुठीवर हातोडीचे चार-पाच ठोके द्या. पेचकसाचा दांडा मुठीतून आरपार गेलेला असेल तरच, नाहीतर प्लास्टिक फुटतं. आता स्क्रू आधी किंचित आवळा, मग सोडवा. गंजाची पकड अशी उलटसुलट हलवल्यावर मोडते. अंगाचा जोर दाबण्यात हवा, फिरवण्यात कमी.

तरीही हलला नाही, तर बहुतेक जण तेलाचा फवारा मारतात. नट-बोल्टसारख्या लोखंडात लोखंड बसलेल्या आट्यांत तेल कामाचं. लाकडात ते आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, आणि तेलकट लाकडाला नंतर फेव्हिकॉल धरत नाही. इथे उष्णता बरी. तापलेलं सोल्डरिंग आयर्न (डाख द्यायचं विजेचं हत्यार, ६० वॅटचं तरी हवं) स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं धरा, पूर्ण निवू द्या, मग पुन्हा प्रयत्न करा. लाकूड करपल्याचा वास आला तर लगेच उचला.

खाच पुरती गेली असेल तर डोकंच उडवायचं. हॅकसॉने नवी खाच पाडता येते, पण डोकं बिजागरीच्या पातळीत असल्याने पत्राही कापला जातो. बिजागरी टाकायची असेल तरच हा मार्ग. एरवी डोळ्यांना गॉगल लावून, डोक्याच्या मध्यावर सेंटर पंचची (टोकदार पोलादी खिळ्याची) खूण करून, ५ मिमीच्या ड्रिलने कमी वेगात भोक पाडा. तीन-चार मिमी खोल गेलं की डोकं सुटून ड्रिलवर गरगर फिरतं. बिजागरी उचलली की दांड्याचा तुकडा सहसा वर राहतो. तो ग्रिप प्लायरमध्ये (आवळून लॉक होणाऱ्या पकडीत) घट्ट पकडून डावीकडे फिरवा. ईझी-आउट (तुटलेला स्क्रू भोकात उलट्या आट्यांनी पकडून काढायचं हत्यार) इतक्या बारीक स्क्रूत वापरू नका. तो आत तुटला, तर त्या कठीण पोलादाला साधं ड्रिल लागत नाही.

दांडा लाकडाच्या पातळीतच तुटला असेल, तर त्याला खेटून ३ मिमीची चार-पाच भोकं पाडा, तुकडा सैल करून लांब, निमुळत्या टोकाच्या पकडीने ओढा. भोक साफ करून त्यात फेव्हिकॉल लावलेली सागवानी खुंटी ठोका आणि २४ तास वाळू द्या.

नवा ८ नंबरचा स्क्रू बसवण्याआधी ३ मिमीचं भोक पाडा आणि आट्यांना मेण किंवा साबण चोळा. स्क्रू पितळी असेल तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी पूर्ण आत घालून काढा, कारण पितळ मऊ असतं आणि घट्ट लाकडात डोक्याखालीच पिळवटून तुटतं.