कूलरच्या ताट्या फेकताना या चुका टाळा

नवतपा सरला, मृगाची पहिली सर आली की नागपुरात कूलर बंद होतात आणि नालीच्या तोंडाशी जुन्या ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेले जाळीतले गवताचे पॅड, दिसू लागतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओली ताटी तशीच फेकणे. कूलरच्या गवतात भरपूर पाणी मुरलेलं असतं, वर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर. कचऱ्याच्या गाडीत ती शेजारचा कोरडा पुठ्ठाही भिजवून वाया घालवते. नालीत टाकली तर गवत वाहून जातं, जाळी मात्र तिथेच अडकते. मग तिच्यात पन्नी आणि पालापाचोळा साचतो आणि पाणी थेट रस्त्यावर. दोन दिवस थांबायची तयारी नसते, एवढंच याचं कारण.

खरं तर कूलरच ताटी वाळवून देतो. पंप बंद करून नुसता पंखा तास-दोन तास चालवा. नंतर ताट्या उन्हात उभ्या ठेवा. गवत मुठीत दाबल्यावर कुरकुरलं की झालं. नाकाला रुमाल बांधून धूळ झटका, पक्कडीने तारा कापा. लोखंडी जाळी कबाडीला, प्लास्टिकची सुक्या कचऱ्यात. गवत किंवा वाळा बिनरंगाचा, बिनअत्तराचा असेल तर बारीक कापून घरच्या खतात ओल्या कचऱ्यावर पातळ थर द्या. क्षार फार चढले असतील तर खतात नकोच.

दुसरी चूक: 'पुढच्या वर्षी चालेल' म्हणून ताट्या कूलरच्या टाकीसकट गच्चीवर ठेवणे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर जागी अंडी घालतो. ती कोरडी पडली तरी काही महिने टिकतात आणि पाणी मिळताच अळ्या निघतात. म्हणून टाकी नुसती उपसून भागत नाही; आतल्या भिंती काथ्याने घासाव्याच लागतात.

ताट्या जाळू नका. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांनी बंदी आहे, आणि प्लास्टिकच्या जाळीचा धूर आपल्याच घरात येतो.

मधाच्या पोळ्यासारखं दिसणारं हनीकोंब पॅड कागदी दिसलं तरी त्यात रेझिन, म्हणजे कृत्रिम राळ, असतं, ते खतात टाकू नका.

एसीची नायलॉन जाळी फेकायची नसतेच, धुऊन परत लावा.

एअर प्युरिफायरचा हेपा फिल्टर (हवेतली अगदी बारीक धूळ अडकवणारा) मात्र झटकू नका, धुऊ नका. प्युरिफायर बंद करून तो तिथेच पिशवीत सरकवा, तोंड घट्ट बांधा आणि सुक्या कचऱ्यात द्या.