वाळूजला बिऱ्हाड आणलंत, आता लेकराचं नाव लावा

शेजारच्या खोलीत नवीन बिऱ्हाड आलं की बाकीच्या बाया गॅसचं, पाण्याच्या वेळेचं, किराणावाल्याच्या उधारीचं सांगतात. मी आधी एकच विचारते: लेकराचं कार्ड आणलंत का?

माता-बाल संरक्षण कार्ड, ज्यात डोस लिहिलेले असतात ते. बहुतेकींचं गावाकडं पेटीत राहिलेलं असतं. आजच फोन करा आणि येणाऱ्या माणसाच्या हाती मागवून घ्या. तोवर सगळ्या पानांचे फोटो तरी मागवा. त्या कार्डात फक्त डोस नसतात. कितव्या महिन्याला लेकरू काय करतं, याची चित्रंही असतात. मी ती पानं कधी उघडलीच नव्हती, म्हणून हे लिहायला बसले.

परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातून आम्ही २०१४ साली इथं, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या रांजणगावला आलो. मालकांना कंपनीत हेल्परचं काम लागलं होतं. धाकटा तेव्हा एक वर्ष दहा महिन्यांचा होता. चालायचा, हसायचा, खोड्या करायचा, पण 'आई' म्हणत नव्हता. सासूबाई म्हणायच्या, ह्याचा बापही तीन वर्षांचा होऊन बोलला. घरमालकीण काकू म्हणाल्या, पोरगे उशिराच बोलतात. मी वेखंड उगाळून जिभेला लावलं, तुळजापूरला नवस बोलले. एका दवाखान्यात दाखवलं, तिथंही तीन वर्षांपर्यंत वाट बघा म्हणाले. पत्र्याचं दार आपटलं की तो दचकायचा, म्हणून ऐकू येतं असंच आम्ही धरून चाललो. पुढं कळलं, की दार आपटल्याचा हादरा अंगाला जाणवतो आणि मोठा आवाज थोडाफार कानात जातो. माणसाचं बोलणं मात्र त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

हे कळलं ते अंगणवाडीत. आरबीएसकेचं पथक आलं होतं, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. पथकातल्या डॉक्टर बाईंनी तोंडापुढं कागद धरला आणि त्याच्या मागून हळू आवाजात हाक मारली. तो हातातल्या झाकणाशी खेळत राहिला. दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. माझं काळीज तिथंच बसलं. दोन वर्षं लेकरू माझ्या मांडीवर होतं आणि मला हे दिसलं नव्हतं.

गावात राहिलो असतो तर कदाचित आधी कळलं असतं. तिकडं आशाताई घरी येते. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिनं यायचं असतं. आता तर त्यापुढंही तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात तिच्या भेटी ठरलेल्या आहेत. तिला घर माहीत, लेकरू माहीत. इथं एका चाळीत वीस खोल्या, त्यातल्या पाच दर वर्षी बदलतात. तुम्ही आलात हे तुम्ही सांगितल्याशिवाय तिला कसं कळणार?

म्हणून सामान लावून झालं की त्याच आठवड्यात जवळची अंगणवाडी शोधा आणि नाव लावा. पुष्कळ जणींना वाटतं, अंगणवाडी तीन वर्षांच्या पुढच्या मुलांची. तसं नाही. जन्मलेल्या बाळापासून सहा वर्षांपर्यंत सगळ्यांची नोंद तिथं होते. खोली भाड्याची असली, रेशनकार्ड गावाकडचं असलं, तरी अडत नाही. कार्ड आणि स्वतःचं आधार घेऊन जा. गावाकडच्या ताईला फोन करून तिथलं नाव इकडं वर्ग करायला सांगा. सेविकेला आणखी एक विचारून ठेवा: पथक कधी येणार? वर्षातून दोनदा ते अंगणवाडीत येतं. दोन डॉक्टर, औषधं देणारे एक जण आणि एक सिस्टर असतात. त्या दिवशी लेकरू तिथं असलं पाहिजे. पहिल्या पाळीला जायचं असेल तर शेजारणीकडून पाठवा, पण पाठवा. आणि लेकराबद्दल मनात शंका असेल तर पथकाची वाटही बघू नका, थेट सरकारी दवाखान्यात चला.

ह्या तपासणीला चाळणी तपासणी म्हणतात, आणि नावाप्रमाणंच ती चाळणी आहे. चाळणीत अडकलेला प्रत्येक दाणा खडा नसतो. पुढं पाठवलं म्हणजे लेकरात दोष निघालाच असं समजून रडत बसू नका. नीट निवडून बघायला पाठवलेलं असतं. आणि चाळणीतून सुटलं म्हणूनही बेफिकीर होऊ नका. चार महिन्यांनी काही खटकलं तर पुन्हा दाखवा.

घरी काय बघायचं? चालण्याबोलण्यात लेकरालेकरांत फरक असतो, हे खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं मोजून ठेवलंय, की धडधाकट लेकरं साधारण आठव्या ते अठराव्या महिन्यांच्या मध्ये कधीही एकटी चालू लागतात. त्यामुळं शेजारणीचं दहाव्या महिन्यात चाललं आणि तुमचं तेराव्यात चाललं नाही, म्हणून जीव खाली-वर करू नका. अठरा महिने झाले आणि चालत नाही, तर मात्र दाखवायचं. बोलण्याचंही तसंच आहे. वर्षाचं होईस्तोवर 'बाबाबा, दादादा' असं काही निघत नाही, टाटा करत नाही, हवी ती वस्तू बोटानं दाखवत नाही. सोळा महिन्यांत एकही शब्द नाही. दोन वर्षांत 'पाणी दे' असे दोन शब्द जोडून स्वतःच्या मनानं बोलत नाही. यातलं एक जरी असलं तरी थांबू नका. हाक मारल्यावर बघत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, वर्षाच्या आत एकच हात वापरतं आणि दुसऱ्याची मूठ वळलेली राहते, हेही सांगा. आणि येत असलेलं गेलं, म्हणजे बोलत होतं ते बोलायचं थांबलं, हसत होतं ते हसायचं थांबलं, तर कोणत्याही वयात त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

हाक मारून बघताना पाठीमागून मारा, खोली शांत असताना. पंखा बंद, टीव्ही बंद. पुढून मारली तर लेकरू तुमचं तोंड बघून ओळखतं आणि आपण फसतो.

बाळ लवकर जन्मलं असेल, तर वय मोजताना दोन वर्षांपर्यंत बाळंतपणासाठी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजायचं. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ कागदावर आठ महिन्यांचं असलं तरी त्याच्याकडून सहा महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा धरा. पण अशा बाळांवर जास्त लक्ष हवं. चौतीस आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा महिन्याच्या आत तपासून घ्यावा लागतो. बाळंतपणाला माहेरी गेलात आणि तिथून सरळ इकडं आलात तर नेमकं हेच राहून जातं. जन्मल्यावर रडलं नव्हतं, काचेत ठेवलं होतं, कावीळ फार वाढली होती, असं काहीही झालेलं असेल तर तो डिस्चार्जचा कागद कार्डालाच टाचून ठेवा.

आपल्या चाळींत एक गोष्ट नेहमी ऐकू येते: घरात मराठी, शेजारी बिहारची माणसं, टीव्हीवर हिंदी, म्हणून लेकरू गोंधळलं आणि बोलेना. असं होत नाही. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं बोलणं अडत नाही. तांड्यावरून आलेल्या बायांनी तर हे मुद्दाम ध्यानात ठेवावं. लेकरू गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, जे बोलतं, ते सगळं डॉक्टरांना सांगा. शब्द मोजायचे ते सगळ्या भाषांतले मिळून. मोबाइलचं मात्र खरं आहे. दोन वर्षांच्या आतल्या लेकराच्या हाती तो देऊच नये. मोबाइल कुणाशी बोलत नाही, लेकराशी माणसानं बोलावं लागतं. पण फक्त मोबाइल काढून घेतला आणि तपासणी टाळली, असंही करू नका.

पथकानं पुढं पाठवलं की चिठ्ठी घ्या आणि कुठं, कोणत्या वारी, कोणाकडं जायचं ते तिच्यावरच लिहून घ्या. जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. बालरोगतज्ज्ञ, कान आणि वाचा बघणारे, व्यायाम शिकवणारे, मानसतज्ज्ञ असे सगळे एका ठिकाणी मिळावेत म्हणून ते केलेलं आहे. ह्या कार्यक्रमातून पाठवलेल्या लेकरावरचे उपचार मोफत आहेत. घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, पाठवलं तर बाबा पंपापर्यंत रिक्षानं या, तिथून घाटी जवळ आहे. सकाळी लवकर निघा, केसपेपरला रांग असते. पाण्याची बाटली आणि दशमी सोबत ठेवा.

आमची बेरा, म्हणजे ऐकू येतं का बघायची तपासणी झाली, तेव्हा पहिली खेप वाया गेली, कारण लेकरू झोपलंच नाही. डोक्याला तारा लावून, लेकरू गाढ झोपेत असताना ती करतात. म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा आणि रिक्षात डोळा लागू देऊ नका. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षं पाच महिन्यांचा असताना त्याला ऐकायचं मशीन बसलं. पहिले आठ दिवस तो ते ओढून काढायचा. मग एकदा कुकरची शिट्टी झाली आणि त्यानं शेगडीकडं बोट केलं. वर्षभर आठवड्यातून दोनदा वाचा शिकवणाऱ्या ताईंकडं नेलं. त्यासाठी मी कंपनीतलं पॅकिंगचं काम सोडलं. आता आठवीत आहे. बोलताना काही अक्षरं अजून जड जातात. वर्षभर आधी मशीन बसलं असतं तर ती सोपी झाली असती, असं मला वाटतं.

खोली बदललीत, रांजणगावची सोडून जोगेश्वरीला गेलात, तरी आधीच्या सेविकेला सांगून जा आणि नव्या ठिकाणी पुन्हा नाव लावा. दिवाळीला गावी जाताना कार्ड सोबत न्या आणि येताना परत आणा. माझं मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दारामागच्या खिळ्याला अडकवत होते, कुलूप लावताना दिसायचं.