काचेला ब्रश लावण्याआधी पाणी मोजा : इंदुरात या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

इमारतींच्या काचा धुण्याच्या आमच्या कामात साबण नाही, फडकं नाही, वायपरही क्वचितच. जमिनीवर उभं राहून लांब पोल वर न्यायचा, टोकाच्या ब्रशनं काच घासायची, त्याच ब्रशमधून येणाऱ्या पाण्यानं ती धुवायची आणि पुढच्या काचेकडे सरकायचं. धुतलेली काच कोणी पुसत नाही, ती आपली आपण वाळते. म्हणजे सगळी भिस्त पाण्यावर. पाणी उडून जातं, पण त्यात विरघळलेलं जे काही होतं ते काचेवरच राहतं.

मी होळकर सायन्स कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं आणि चार वर्षांपूर्वी काकांच्या सफाईच्या व्यवसायात आले. काका तोवर दोरांवर लटकवलेल्या झुल्यावर माणसं चढवून वायपरनं काचा करून घेत. पोल आणला तेव्हा ते म्हणाले, "अगं, तुझं ते पाण्याचं शिक्षण आता कामाला येईल." आलं, पण त्याआधी बराच फटका बसला. आता नवीन मुलं कामावर आली की मी त्यांना पोल नंतर देते, आधी हातात टीडीएस मीटर देते.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांचं वजन, मिलिग्रॅम प्रतिलिटर. मीटरवर पीपीएम लिहिलेलं असतं, आपल्या कामापुरतं दोन्ही एकच. ५०० पीपीएमचं एक लिटर पाणी पातेल्यात पूर्ण आटवलं तर तळाशी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास पांढरी भुकटी उरते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात ५०० ही मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सवलत आहे. काचेला ही सवलत नाही. आम्ही शून्य धरून चालतो, फार तर १०. त्याच्या पुढे गेलं की उन्हात वाळलेल्या काचेवर ठिपके दिसू लागतात. नवीन मुलांना हे पटायला वेळ लागतो, कारण जे पाणी आपण घटाघट पितो ते काचेला घाण कसं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो.

म्हणून मी त्यांना एक काळी चकचकीत टाइल देते. त्यावर ड्रॉपरनं तीन थेंब सोडायचे : नर्मदेच्या नळाचा, बोरिंगचा आणि क्षार काढणाऱ्या आमच्या मशीनमधून निघालेल्या पाण्याचा. टाइल सावलीत ठेवायची आणि चहा पिऊन यायचं. बोरिंगच्या थेंबाच्या जागी कडेला जाड पांढरं कडं उमटलेलं असतं, मधे पुसट धुकं, आणि बोट फिरवलं तर खरखर लागते. नर्मदेच्या थेंबाचं कडं बारीक असतं, तिरकं धरल्याशिवाय नीट दिसत नाही. तिसरा थेंब कुठे होता ते शोधावं लागतं. मग पुढचं फार समजवावं लागत नाही. चारमजली इमारतीच्या दर्शनी काचांवर असे लाखो थेंब वाळतात.

आता इंदूरचं पाणी. नर्मदेचं पाणी शहरात १९७८ मध्ये आलं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर, विंध्याचा चढ चढवून ते आणलं जातं. बऱ्याच भागांत ते एक दिवसाआड येतं. मधल्या काळाची सोय म्हणून प्रत्येक मोठ्या इमारतीत हौद असतो आणि त्या हौदात नर्मदा, बोरिंग आणि टँकर असं तिन्ही पडतं. माझ्या वहीत नर्मदेचे आकडे बहुतेक २०० ते ३०० च्या दरम्यान आहेत. बोरिंगचे ६०० पासून १२०० पर्यंत कुठेही, आणि एकाच रस्त्यावरच्या दोन बोरिंगांत दुपटीचा फरक मी पाहिला आहे. त्यामुळे "विजयनगरमध्ये पाणी कसं आहे?" असं मला कोणी विचारलं तर उत्तर देता येत नाही. कुठला नळ, आज काय सोडलंय, किती वाजता, हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

हे मी एका दिवसात शिकले. ए.बी. रोडवर एका शोरूमचं काम होतं, तीन बाजूंनी काच. तेव्हा आमच्याकडे आरओ, म्हणजे दाबानं बारीक पडद्यातून पाणी गाळून क्षार अडवणारं यंत्र, नव्हता. फक्त रेझिनची, म्हणजे पाण्यातले क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांची टाकी होती, दहा लिटर रेझिनची. सकाळी आठला नळावर मीटर लावला, २५० आलं. मी हिशेब केला. मिक्स बेड, म्हणजे दोन जातींचे मणी मिसळलेल्या, रेझिनचा एक लिटर साधारण वीस ग्रॅम क्षार धरतो, म्हणजे दहा लिटरचे दोनशे ग्रॅम. २५० च्या पाण्यात लिटरमागे पाव ग्रॅम, तेव्हा आठशे लिटर मिळणार. पोलला मिनिटाला दोन लिटर लागतं. सहा तासांपेक्षा जास्त काम निघेल, दुपारी अडीचपर्यंत सुखात. वहीत लिहिलं, मुलांना कामाला लावलं आणि मी दुसऱ्या साइटवर गेले.

अकराच्या सुमाराला हौद रिकामा झाला. तिथल्या चौकीदारानं त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं मोटर बोरिंगवर टाकली. त्याला आमच्या टाकीचं काय माहीत असणार! अकरापर्यंत तीनशेसाठ लिटर गेलं होतं, म्हणजे रेझिनमधले नव्वद ग्रॅम भरले होते. उरलेले एकशेदहा. बोरिंगचं पाणी ९०० निघालं, लिटरमागे जवळजवळ एक ग्रॅम. एकशेवीस लिटरमध्ये, म्हणजे तासाभरात, बाराच्या सुमाराला टाकी संपली. त्यानंतर आमची मुलं दोन तास मन लावून बोरिंगचं पाणी काचेवर मारत होती. मी परत आले तेव्हा पश्चिमेच्या काचांवर ऊन आलं होतं आणि सगळी बाजू मीठ शिंपडल्यासारखी दिसत होती. चौकीदार म्हणाला, "दीदी, मोटर तो हमने ग्यारह बजे ही बोरिंग पे कर दी थी." मालकानं त्या दिवशीचे पैसे दिले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही ती बाजू पुन्हा केली.

तेव्हापासून नियम एकच : मोजायचं ते ब्रशपाशी. नळावरचा आकडा खर्चाचा अंदाज करायला, ब्रशपाशीचा आकडा काम चालू ठेवायचं की थांबवायचं ते ठरवायला. नळावर सकाळी आणि स्रोत बदलल्याची शंका येईल तेव्हा, ब्रशपाशी दर अर्ध्या तासाला. आणि साइटवर पोचल्याबरोबर चौकीदाराला विचारायचं, "भैया, आज नर्मदा है क्या? हौद में कितना है? बोरिंग कब चालू करोगे?" चहा पाजून हे विचारलं तर उत्तर जास्त खरं मिळतं.

मोजण्याची रीत साधी आहे, पण लोक घाई करतात. नळ दोन मिनिटं वाहू द्या, रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी जाऊ द्या. ग्लास त्याच पाण्यानं तीनदा विसळा, कारण तळाशी उरलेलं आधीचं बोरिंगचं थोडंसं पाणीही शुद्ध पाण्याचा आकडा वाढवतं. म्हणून मोजतानाही क्रम ठेवा, आधी शुद्ध पाणी, मग नळाचं, शेवटी बोरिंगचं. मीटर खुणेपर्यंतच बुडवा, हलकेच हलवा म्हणजे दोन टोकांमध्ये अडकलेला हवेचा बुडबुडा निघतो, मग आकडा स्थिर होऊ द्या. शुद्ध पाणी उघड्या ग्लासात ठेवून दिलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून आकडा एकनं वाढलेला दिसू शकतो. त्यानं घाबरायचं नाही.

मीटर खरं तर क्षार मोजत नाही. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि एका ठरावीक पटीनं त्याचे पीपीएम करतो. वीजवहन तापमानाबरोबर वाढतं, अंशामागे सुमारे दोन टक्के. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ४० अंशांवर असतं आणि मीटरचं गणित २५ अंशांवर बांधलेलं असतं, म्हणजे तापमानाची दुरुस्ती नसलेला मीटर तीस टक्के जास्त दाखवणार. घेताना त्यावर एटीसी, म्हणजे तापमानाची आपोआप दुरुस्ती, असं लिहिलंय का ते बघा. तपासायला ३४२ पीपीएमचं कॅलिब्रेशनचं द्रावण मिळतं, महिन्यातून एकदा त्यात बुडवून बघावं. ते नसेल तर निदान बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली आणा. चांगल्या बाटलीत शून्य ते दोन-तीन यायला हवं. पण दोन वेगळ्या दुकानांच्या बाटल्या घ्या, कारण मला एकदा एका बाटलीत चाळीस सापडलं होतं आणि मी तासभर मीटरला दोष देत बसले होते.

काही इमारतींत सॉफ्टनर बसवलेला असतो आणि व्यवस्थापक अभिमानानं सांगतात की आमचं पाणी जड नाही. ते खरं असतं, पण आपल्या उपयोगाचं नसतं. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो आणि काचेवर डागही पडतात. जडपणा मात्र वेगळा मोजून ठेवावा, कारण आरओच्या मेम्ब्रेनवर, म्हणजे पाणी गाळणाऱ्या त्या पडद्यावर, खपली धरते ती त्याचीच. कॉलेजात आम्ही एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग टाकून पाणी कोकमाच्या सरबतासारखं लाल करायचो आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारं ईडीटीएचं द्रावण थेंबथेंब सोडत जायचो. मग एका थेंबाला सगळं निळं व्हायचं. आता त्याचंच छोटं किट मिळतं, थेंब मोजायचे, झालं. तेव्हा ते मार्कांसाठी करत होते, आता प्रत्येक थेंबात मला मेम्ब्रेनचं आयुष्य दिसतं.

क्लोरिनचंही बघा. नळाच्या पाण्यात तो असायलाच हवा, मानकाप्रमाणे शेवटच्या टोकालाही किमान ०.२ मिलिग्रॅम. पण आरओच्या मेम्ब्रेनला तो खातो. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरिनचं पाणी पिवळं होतं. क्लोरिन अडवायला आरओच्या आधी कार्बन फिल्टर असतो, त्यानंतरच्या पाण्यात पिवळेपणा दिसला तर कार्बन बदला.

आज आमच्या गाडीत आधी गाळ अडवणारा फिल्टर, मग कार्बन, मग आरओ आणि शेवटी रेझिन अशी ओळ आहे. नव्यानं सुरू करताना पैसे वाचवायला नुसतं रेझिन घ्यावंसं वाटतं. नर्मदेच्या पाण्यावर छोटी कामं करणार असाल तर घ्या. बोरिंगवर नको. तेच दहा लिटर रेझिन ९०० च्या पाण्यावर दोन तासांत संपतं, आणि आधी आरओ लावून पाणी ३० वर आणलं तर सहा हजार लिटरपेक्षा जास्त देतं. आरओची प्रकृतीही मीटरच सांगतो. आत ९०० आणि बाहेर ३६ म्हणजे ९६ टक्के क्षार अडले, छान. हे ९० च्या खाली उतरलं तर आधी दाब बघा, मग मेम्ब्रेन. सकाळी मशीन चालू केल्यावरची पहिली काही मिनिटं आकडा चढाच असतो, कारण रात्रभरात क्षार मेम्ब्रेनमधून पलीकडे झिरपलेले असतात. ते पाणी रेझिनमध्ये जाऊ न देता बाहेर सोडा. आरओनं टाकून दिलेलं पाणी आम्ही ड्रममध्ये धरतो आणि इमारतीचं पार्किंग धुवायला देतो. एवढं चढून आलेलं नर्मदेचं पाणी गटारात सोडणं मला जमत नाही.

आता ज्यानं मला सगळ्यात जास्त छळलं, ते सांगते. गेल्या उन्हाळ्यात एका ऑफिसच्या काळ्या काचा केल्या, बोरिंगच्या पाण्यावर. ब्रशपाशी मीटर पूर्ण वेळ दोन-तीन दाखवत होता. तरी वाळल्यावर काचेवर फिकट धुरकट पट्टे. मुलं म्हणाली ब्रश खराब असेल, काका म्हणाले काचेवरच काही असेल. मी कापसावर व्हिनेगर घेऊन एक डाग चोळला. चुन्याचा डाग असता तर व्हिनेगरनं विरघळला असता, हा जागचा हलला नाही. तेव्हा सिलिका, म्हणजे वाळूत असतो तोच पदार्थ, डोक्यात आली. माळव्याचं पठार बेसॉल्टचं, आणि त्या काळ्या खडकातून मुरत आलेल्या पाण्यात सिलिका असते. ती पाण्यात विद्युतभार जवळजवळ घेतच नाही, म्हणून मीटरला दिसत नाही. आणि रेझिन भरत आलं की ते सगळ्यात आधी जिला सोडून देतं ती हीच. आकडा अजून तीनवर असतो आणि सिलिका काचेवर पोचलेली असते.

ते पट्टे काढायला काच पॉलिश करणाऱ्यांकडून सेरियम ऑक्साइडची पूड आणली. पाण्यात कालवून, फेल्टच्या चकतीनं एकेक काच घासत आम्हाला दोन दिवस लागले. आता बोरिंगवर काम असलं की आकडा दहावर जायची वाट मी बघत नाही. दोन दिसले की रेझिन बदलते आणि त्याआधी ब्रशपाशीच्या पाण्याचा एक थेंब काळ्या टाइलवर वाळवून बघते. आरओचे दोन्ही आकडे, रेझिन बदलल्याची तारीख, नर्मदा की बोरिंग, आणि शेवटच्या रकान्यात त्या थेंबाचं कडं दिसलं की नाही, हे सगळं वहीत जातं. तो शेवटचा रकाना आता काका स्वतः भरतात, चष्मा कपाळावर सरकवून, टाइल खिडकीकडे तिरकी धरून.