सेकंडहँड मोटरहोम घेताय? घरात टीनएजर असतील तर या चुका टाळा

ब्रिटनमध्ये जुन्या मोटरहोमची, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशा गाडीची, जाहिरात बघितली की सगळ्यात ठळक अक्षरात 'सिक्स बर्थ' दिसतं. म्हणजे झोपायच्या जागा सहा. पण म्हणून बेल्ट लावून बसायच्या जागाही सहा असतीलच असं नाही, आणि सहा जणांचं वजन ती गाडी कायद्याने वाहू शकेल याचा तर अजिबात भरवसा नाही. मुलं लहान असताना हे खपून जातं. चौदा-पंधराची झाली की ती उंचीने आणि वजनाने मोठी माणसंच असतात, फक्त लायसन्स नसतं.

वजनाचा हिशेब न मांडणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. १ जानेवारी १९९७ नंतर टेस्ट पास झालेल्यांना साध्या कार लायसन्सवर, माणसं-सामान धरून कमाल ३,५०० किलोपर्यंतचीच डिझेल गाडी चालवता येते. भारतातून येऊन इथे टेस्ट दिलेले आपण जवळजवळ सगळे यातच येतो. त्यामुळे बऱ्याच फॅमिली मोटरहोम ओढूनताणून या आकड्यात बसवलेल्या असतात.

समजा, कागदावर रिकाम्या गाडीचं वजन ३,०८० किलो आहे. ड्रायव्हरचे ७५ किलो त्यात सहसा धरलेले असतात. उरले ४२०. जोडीदार आणि दोन मुलं मिळून १७५ धरा, उरले २४५. आता आधीच्या मालकाने हौसेने बसवलेल्या गोष्टी बघा. बाजूची ऑनिंग (गुंडाळता येणारं कापडी छप्पर) ३०, दुसरी बॅटरी २५, सोलर पॅनेल १५. मागे रॅकसकट चार सायकली ८०. हातात राहिले ९५ किलो. एवढ्यात कपडे, पांघरुणं, खुर्च्या, शाळेचे लॅपटॉप, आणि आपला कुकर, पोळपाट, कणीक, तांदूळ. पाण्याची १०० लिटरची टाकी काठोकाठ भरून निघालात तर खेळ खल्लास.

म्हणून पैसे देण्याआधी गाडी सार्वजनिक वजनकाट्यावर न्या आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगवेगळं घ्या. गाडीचा मागचा भाग मागच्या चाकांपासून बराच मागे गेलेला असेल, तर एकूण वजन मर्यादेत असूनही सायकलींमुळे मागचा अ‍ॅक्सल ओव्हरलोड होतो. डीव्हीएसए या सरकारी वाहन-तपासणी संस्थेची माणसं रस्त्यात थांबवून वजन करू शकतात. दंड होतो आणि गाडी तिथेच अडवलीही जाऊ शकते. विक्रेता म्हणेल, "वजनमर्यादेची प्लेट ३,८५० ची करून घ्या, नुसतं कागदाचं काम आहे." काही गाड्यांचं खरंच तसं असतं. पण मग तुम्हाला सी-वन लायसन्स लागेल: मेडिकल, थिअरी आणि मोठ्या गाडीवर टेस्ट. ते तो सांगणार नाही.

बेल्ट फक्त मोजणं

बेल्ट किती आहेत हे विचारून थांबू नका, ते कुठे बसवलेत ते बघा. मागच्या सीटची गादी उचला, खाली टॉर्च मारा. बेल्टचं टोक जाड लोखंडी फ्रेमला बोल्टने घट्ट बसवलेलं दिसलं पाहिजे. ते प्लायवूडच्या पेटीला अडकवलेलं असेल तर गादी परत ठेवा आणि चहा न घेता निघा. जुन्या गाड्यांत मागे फक्त कमरेचे बेल्ट असतात; रोज तीन-चार तास प्रवास करणाऱ्या मुलांना खांद्यावरून येणारा बेल्टच हवा. भिंतीला पाठ टेकून बसायच्या आडव्या सीटवर चालत्या गाडीत कुणालाच बसवू नये, तिथे बेल्ट असला तरी. धडक बसली तर शरीर कमरेतून पिळवटतं.

उन्हाळ्यात पुण्या-कोल्हापूरहून आजी-आजोबा येणार असतील तर हा प्रश्न आणखी अवघड होतो. चार बेल्टच्या गाडीत सहा माणसं नेता येत नाहीत. त्या महिन्यात मागून कार चालवत न्यायची, हे आधीच ठरवून टाकलेलं बरं.

मुलांना न घेता गाडी बघायला जाणं

मुलगा कंटाळतो म्हणून त्याला घरी ठेवू नका. त्यालाच तर त्या पलंगावर झोपायचंय. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या ल्यूटन बेडवर त्याला बूट काढून चढवा, पाय सरळ करायला लावा, कूस बदलायला सांगा. मागच्या बंकची लांबी टेपने मोजा आणि वजनाची मर्यादा वाचा. काही बंक लहान मुलांसाठीच केलेले असतात. तेरा वर्षांची मुलगी आता मावते हे ठीक, पण गाडी पाच वर्षं ठेवायची असेल तर हिशेब अठराव्या वर्षाचा करा.

दुसरं, जेवणाच्या टेबलाचा होणारा बेड. शोरूममध्ये तो दोन मिनिटांत होतो. प्रत्यक्षात रात्री टेबल उतरवा, गाद्यांचे पाच-सहा तुकडे कोडं सोडवल्यासारखे जुळवा, चादर खोचा, आणि सकाळी उलटं सगळं. मुलगा साडेदहापर्यंत उठत नाही, म्हणजे तोवर पोह्यांची बशी मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं. त्यामुळे मुलांचे बेड कायमचे हवेत, किंवा पुढे-मागे बसायच्या दोन वेगळ्या जागा हव्यात. माझं स्पष्ट मत विचाराल तर अवाढव्य सिक्स बर्थच्या मागे लागू नका. चार बर्थची धडधाकट गाडी घ्या आणि शेजारी लावायला दोन माणसांचा चांगला तंबू. बऱ्याच मुलांना आईबापांपासून तेवढं अंतर हवंच असतं.

एमओटी आहे म्हणून निश्चिंत होणं

एमओटी या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीत ब्रेक, दिवे, टायर, गंज बघतात. आतल्या घराकडे ढुंकूनही बघत नाहीत. आणि मोटरहोम मरते ती बहुधा ओलीने. छताची खिडकी, ल्यूटनचे कोपरे, ऑनिंगची पट्टी, मागचे खालचे कोपरे इथून पाणी शिरतं आणि आतली लाकडी चौकट कुजत जाते. ल्यूटनच्या खिडकीखाली अंगठ्याने दाबा. भिंत कडक लागली पाहिजे. कागदाखाली मऊ लागलं आणि अंगठ्याचा खळगा तसाच राहिला, तर आत लाकडाचा भुगा झालाय. ओलावा मोजायचं मीटर स्वस्तात मिळतं: १५ टक्क्यांपर्यंत ठीक, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवा, २० च्या वर दुरुस्ती, ३० च्या वर रामराम. दार उघडताच एअर फ्रेशनरचा भपकारा आला तर तो कशावर मारलाय ते शोधा. दरवर्षीच्या हॅबिटेशन सर्व्हिसचे (आतल्या घराच्या तपासणीचे) कागद मागायला विसरू नका.

कमी मैल चाललेली गाडीही तपासाच. टायरवरचा चार आकडी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायरच्या खाचा शाबूत असल्या तरी रबर म्हातारं होतं. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो मैलांवरच नाही, वर्षांवरही बदलावा लागतो. पावती दाखवा म्हणावं. एमओटीचा इतिहास नंबर टाकून सरकारी साइटवर फुकट दिसतो. गाडीवर कर्ज बाकी आहे का, हेही तपासून घ्या.

हॅरो, हाउन्स्लोवाल्यांसाठी वेगळी सूचना. २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचं रोजचं शुल्क, अख्ख्या लंडनला लागू आहे. डिझेल गाडी युरो ६ या प्रदूषण-मानकाची नसेल तर ३,५०० किलोपर्यंतच्या मोटरहोमला ज्या दिवशी चालवाल त्या दिवशी साडेबारा पौंड. आणि नव्या वसाहतीत घर असेल तर कागदपत्रं वाचा. ड्राइव्हवर मोटरहोम उभी करायला मनाई असू शकते.

घेतल्यानंतरच्या कुरबुरी

फ्रिज थंड होत नाही: गॅस, बॅटरी आणि साइटची वीज अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज गाडी तिरकी उभी असली की नीट चालत नाही. चाकाखाली पाचर लावा, आणि तो आदल्या रात्रीच सुरू करा.

थंडीत गॅस पेटत नाही: निळा ब्यूटेन सिलिंडर शून्याच्या आसपास हात टेकतो. लाल प्रोपेन घ्या.

कॅम्पसाइटवर सारखी वीज जाते: १० अँपिअरच्या कनेक्शनवर साधारण २,३०० वॉट मिळतात. इकडे चहाची किटली आणि तिकडे लेकीचा हेअर ड्रायर एकदम लागले की ट्रिप होणारच. पाळी लावा, किंवा चहा गॅसवर करा.

टॉयलेटची कॅसेट (खालची काढता येणारी मैल्याची टाकी) दुसऱ्याच दिवशी भरते: चार माणसांत एवढंच होणार. दुसरी कॅसेट घ्यायचा विचार असेल तर तिचंही वजन त्या ९५ किलोत धरा.