बटण एवढं मोठं केलं तरी कोणाला दिसेना

वेब डिझाइनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी लिहितेय, मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरेच महिने वाचले असते.

पहिल्याच प्रोजेक्टमध्ये फॉर्मचं बटण मी उजवीकडे, भडक चौकटीत, मोठ्या अक्षरात टाकलं, म्हटलं आता हे चुकणं शक्यच नाही. मग पाच जणांना एकेक करून बसवलं, 'फॉर्म भरा' एवढंच सांगितलं आणि गप्प बसले, तर चौघं पान खालीवर करत राहिले, चौकटीकडे कोणी बघेचना. एकीला नंतर विचारलं तर म्हणाली, अगं, ती जाहिरात आहे ना?

जाहिरातीसारखं दिसणारं काहीही नजर आपोआप टाळते, याला बॅनर ब्लाइंडनेस म्हणतात, बेनवे आणि लेन या संशोधकांनी १९९८ मध्येच दाखवलं होतं, हवी ती माहिती बॅनरमध्ये असली तरी शोधणाऱ्यांना ती दिसत नाही.

नजरेचं गणित आधी समजून घ्या. एका वेळी लख्ख दिसतो तो भाग जेमतेम दोन अंशांचा, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा, बाकी सगळं धूसर. वाचताना नजर उड्या मारते, एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, आणि पुढची उडी कुठे मारायची ते त्या धूसर भागातल्या ठळकपणावर, मोकळ्या जागेवर ठरतं. म्हणून डोळे बारीक करून स्वतःचं पान बघा, काय उरतं ते कळेल.

एफ पॅटर्नबद्दल, म्हणजे पानावर नजर इंग्रजी F अक्षरासारखी फिरते याबद्दल, तर फारच गैरसमज आहे. वेब वापराचे अभ्यासक नील्सन यांनी २००६ मध्ये २३२ लोकांची नजर टिपून तो मांडला, आणि लोक तो साचा समजून त्यावर पानं बेतायला लागले! खरं तर सलग मजकुराची भिंत असली, उपशीर्षकं नसली की नजर अशी वरून दोन ओळी वाचून डावीकडून घसरत जाते, अरबीसारख्या उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या भाषांत हेच उलटं होतं. तेव्हा उपशीर्षकं द्या, आणि महत्त्वाचा शब्द त्यांच्या सुरुवातीलाच आणा.

आणि हीटमॅपवर, म्हणजे नजर कुठे जास्त थांबली ते रंगांनी दाखवणाऱ्या चित्रावर, लगेच खूश होऊ नका, लाल डाग म्हणजे आवड असेल किंवा गोंधळही असेल. नजरेच्या हालचालींचे अभ्यासक यार्बस यांनी १९६० च्या दशकातच दाखवलंय की चित्र तेच ठेवून प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलते. माणूस काय शोधायला आलाय ते आधी विचारा.

माझं ते बटण शेवटी मजकुराच्या खालीच, डाव्या कडेला आणलं, चौकट काढली, आकारही कमी केला. नव्या पाच जणांना परत तेच काम दिलं, पाचही जणांना सापडलं.