जुन्या सिंगल माल्ट व्हिस्कीत पाणी घालायचं ते थेंब मोजून

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेली व्हिस्की. एक म्हणतो, जुन्या माल्टमध्ये पाणी घालणं म्हणजे पाप. दुसरा म्हणतो, पाण्याशिवाय ती खुलतच नाही. दोघेही बाटलीवरचा अल्कोहोलच्या टक्क्यांचा आकडा न वाचताच बोलत असतात. सगळी मेख त्या आकड्यात आहे.

समोर ग्लेनफार्क्लास २५ आहे असं धरू. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली, शेरी या स्पॅनिश वाइनच्या ओक पिंपांत मुरलेली, ४३ टक्क्यांची. लेबलवरचं वय बाटलीतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं असतं, म्हणजे २५ वर्षांखालचा एक थेंबही त्यात नाही.

बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता ग्लास घ्या, ३० मिली ओता. बर्फ, सोडा, शेव-फरसाण यातलं काही नको. घरात फोडणीचा किंवा उदबत्तीचा वास असेल तर तो जाईपर्यंत थांबा. आणि ‘रूम टेंपरेचरला प्या’ हा सल्ला तिकडच्या थंड घरांसाठी आहे. मे महिन्यात पुण्या-नागपुरात कपाटातून काढलेल्या बाटलीतून आधी नुसता अल्कोहोलच नाकात जातो. खोली वीस अंशांच्या आसपास गार करून मगच बाटली उघडा. जुनं बूच ओढू नका. ते धरून ठेवा आणि बाटली हळू फिरवा, नाहीतर ते आत तुटतं.

ग्लास झाकून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवा, नाक आत खुपसू नका. वर्णनात वाचलेलं हेदरचं, म्हणजे स्कॉटलंडच्या माळावरचं, फूल वासात शोधत बसू नका, ते आपण कधी हुंगलेलंच नसतं. मला या माल्टमध्ये खजूर, काकवी, संत्र्याची साल आणि जुनी लाकडी पेटी सापडते. तुम्हाला जे सापडेल ते तुमच्या शब्दांत लिहून ठेवा. पहिला घोट फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून. मत दुसऱ्या घोटावर बनवा, तोही तोंडात दहा सेकंद घोळवून.

आता पाणी. २५ वर्षांची माझी पहिली माल्ट मी इथेच वाया घालवली. कोणीतरी सांगितलं, ‘एक चमचा घाल, मस्त खुलेल.’ घातला. खजूर गेला, संत्रं गेलं, उरला ओल्या लाकडाचा तुरटपणा. घातलेलं पाणी काढता येत नाही. त्या रात्री मला खरंच वाईट वाटलं, कारण तेवढ्या मोलाचा दुसरा पेग लगेच ओतायची माझी ऐपत नव्हती.

हिशोब नंतर मांडला. ३० मिलीत ४३ टक्के म्हणजे १२.९ मिली अल्कोहोल. त्यात चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली पाणी गेलं की व्हिस्की थेट ३७ टक्क्यांच्या खाली येते. स्कॉच ४० टक्क्यांखाली बाटलीत भरायला कायद्यानेच मनाई आहे, आणि मी ती घरी बसून त्याखाली नेली होती! तोच चमचा ६० टक्क्यांच्या ग्लेनफार्क्लास १०५ मध्ये (इथे १०५ हे वय नव्हे) घातला तर ती ५१ वर येते आणि खरोखर खुलते. चमच्याचा सल्ला अशा बाटल्यांसाठी ठीक आहे. लोक तो सरसकट सगळ्यांना देतात, याचा मला राग येतो.

स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये व्हिस्कीतल्या ग्वायकॉल या सुगंधी रेणूचा संगणकावर अभ्यास केला. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर हा रेणू पृष्ठभागाजवळ, म्हणजे नाकाच्या जवळ राहतो. ५९ च्या वर गेलं की अल्कोहोलच्या वेढ्यात आत दडतो. म्हणजे ४३ च्या बाटलीत पाण्याचं बरंचसं काम आधीच झालेलं असतं.

म्हणून औषधाचा नवा ड्रॉपर आणा. त्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली. आरओचं साधं पाणी घ्या, गार नको. पाच थेंब टाका आणि ग्लास उजेडात धरा. पातळ पाकात पाणी सोडल्यावर दिसतात तशा रेषा आत वळवळताना दिसतील. त्या विरल्या की दोन मिनिटं थांबा, वास घ्या, घोट घ्या. आधीपेक्षा बरं लागलं तरच आणखी पाच. ४३ टक्क्यांच्या माल्टला मी २० थेंबांपुढे कधीच जात नाही. तिथे ती साडेएक्केचाळीसवर असते. लाकडाचा कडवटपणा पुढे येतोय असं वाटलं की तिथेच हात आवरा. कित्येकदा मी एकही थेंब घालत नाही.

उरलेली बाटली उभीच ठेवा, अंधारात. ग्लास मात्र लगेच विसळू नका. तसाच उघडा ठेवा आणि सकाळी चहाच्या आधी हुंगा. अल्कोहोल उडून गेलेला असतो आणि तळाशी सुकलेल्या चकतीतून काकवी आणि लाकूड रात्रीपेक्षा स्वच्छ येतात.