कॅराव्हॅनच्या प्रवासात मोबाइल आणि इंटरनेट सुरू कसे ठेवावे

कॅराव्हॅन किंवा आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन लांबच्या प्रवासाला निघायचे ठरले की नेटवर्कच्या काळजीपोटी बरेच जण सर्वांत आधी सिग्नल बूस्टर (सिग्नल मोठा करणारे उपकरण) विकत घेतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी सिग्नल मोजायला शिकावे, तो कुठे अडतो हे शोधावे आणि मगच खरेदीचा विचार करावा. अनेकांना त्यानंतर बूस्टरची गरजच उरत नाही.

मोजण्यासाठी फोनच्या कोपऱ्यातील दांड्यांवर विसंबू नये. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते, त्यामुळे दोन फोनवरच्या तीन दांड्यांचा अर्थ सारखा असतोच असे नाही. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची शक्ती मोजायच्या एककात, असतो. अँड्रॉइड फोनवर तो बहुधा सेटिंग्जमधील ‘फोनविषयी’ या भागात सिमच्या माहितीखाली मिळतो, तर आयफोनवर *3001#12345#* हा क्रमांक डायल केल्यावर तपासणीचा पडदा उघडतो. फोर-जीसाठी आरएसआरपी नावाचा, टॉवरच्या सिग्नलची शक्ती सांगणारा आकडा पाहावा. तो उणे 80 च्या आसपास असेल तर उत्तम, उणे 100 असेल तर काम भागते, उणे 110 च्या खाली गेला की व्हिडिओ कॉल अडखळू लागतो आणि उणे 120 ला बहुतेक सगळे संपलेले असते. हे मोजमाप सरळ पट्टीसारखे नाही: आकडा 3 ने, म्हणजे 3 डेसिबल वाढला की सिग्नलची शक्ती दुप्पट होते आणि 10 डेसिबल वाढले की दहापट. जवळच एसआयएनआर हा आकडा दिसतो, तो सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे हे सांगतो. 20 च्या पुढे असेल तर काळजी नाही, पण शून्याजवळ असेल तर सिग्नल कितीही जोरदार दिसला तरी इंटरनेट रेंगाळते.

हे आकडे किती काही सांगून जातात याचा अनुभव मला एका मुक्कामावर आला. ओट्यावर ठेवलेल्या फोनवर उणे 117 दिसत होते. तोच फोन मागच्या खिडकीच्या काचेला टेकवला तेव्हा उणे 108 झाले आणि दार उघडून पायरीवर उभा राहिलो तेव्हा उणे 101. म्हणजे गाडीच्या आत आणि बाहेर 16 डेसिबलचा, सुमारे चाळीस पटींचा फरक होता, आणि तो केवळ पत्र्याने केलेला होता. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, भिंतीतले चकचकीत फॉइल लावलेले इन्सुलेशन आणि काचांवरची धातूमिश्रित फिल्म या तिन्ही गोष्टी रेडिओ लहरी अडवतात. फायबरग्लासची बॉडी त्या मानाने बरीच सोडून देते. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: हॉटस्पॉट देणारा फोन किंवा सिम घालायचा राउटर टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवावा आणि लॅपटॉप वाय-फायने जोडून आत कुठेही बसावे. मात्र फोन भर उन्हात काचेजवळ ठेवू नये, कारण तो तापला की स्वतःहून वेग कमी करतो किंवा बंदच पडतो.

एवढ्याने भागले नाही तर छतावर बाहेरचा अँटेना बसवावा. फोर-जी आणि फाइव्ह-जी एकाच वेळी एकाहून अधिक अँटेनांवरून माहिती आणतात, त्यामुळे राउटरला जितक्या जोडण्या असतील तितके घटक अँटेन्यात असावेत. दोनाच्या जागी एकच जोडला तर वेगाचा मोठा भाग हातचा जातो. केबल शक्य तितकी आखूड आणि जाड घ्यावी. दोन गिगाहर्ट्झच्या आसपास पातळ केबल दर मीटरला साधारण एक डेसिबल खाते, म्हणजे दहा मीटर केबल टाकली की छतावर कमावलेले तिथेच गमावले. सर्व दिशांनी ऐकणारा अँटेना चालत्या गाडीत उपयोगी पडतो. एकाच दिशेला रोखायचा अँटेना मुक्कामाला थांबल्यावर दूरचा टॉवर पकडतो, पण त्यासाठी टॉवर कोणत्या बाजूला आहे ते ठाऊक हवे आणि दर मुक्कामाला तो फिरवून आकडा पाहायची तयारी हवी.

बूस्टर सिग्नल निर्माण करत नाही, बाहेर असलेला सिग्नल मोठा करून आत देतो. बाहेरच काही नसेल तर तोही काय करणार? त्याचे आतले आणि बाहेरचे अँटेने जवळजवळ आले की माइक स्पीकरसमोर धरल्यावर शिट्टी वाजते तसाच प्रकार होतो, आणि कॅराव्हॅनच्या लांबीत ते पुरेसे दूर ठेवणे कठीण असते. शिवाय बहुतेक बूस्टर अनेक अँटेनांपैकी एकाचाच प्रवाह वाढवतात, त्यामुळे कधी कधी आकडा सुधारतो आणि वेग घटतो. अनेक देशांत परवानगीशिवाय बूस्टर वापरणे बेकायदा आहे, तेव्हा ज्या देशात जायचे तिथला नियम आधी पाहावा.

सिमच्या बाबतीत दोन कार्डे पुरेशी असतात, पण ती खरोखर वेगवेगळ्या नेटवर्कची हवीत. अनेक लहान कंपन्या मोठ्या कंपनीचेच टॉवर भाड्याने वापरतात, त्यामुळे नावे दोन आणि टॉवर एकच अशी फसगत सहज होते. दुसरे कार्ड ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच सुरू होणारे सिम) असेल तर ते ऐनवेळी बदलणे सोपे जाते. ‘अनलिमिटेड’ योजनेतल्या बारीक अक्षरांत दोन गोष्टी शोधाव्यात: किती जीबीनंतर वेग कमी होतो आणि हॉटस्पॉटसाठी वेगळी मर्यादा आहे का. एचडी चित्रपट तासाला 3 जीबीपर्यंत डेटा खाऊ शकतो, तेव्हा ही मर्यादा आठवडाभरातही संपू शकते. परदेशी जाताना घरचे सिम बंद करू नये. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो, आणि त्याचे डेटा रोमिंग बंद ठेवले तरी एसएमएस येत राहतात.

राउटर घेताना तो त्या त्या देशातले बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, पकडतो का हे तपासावे. 600 ते 900 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी शिरतात. 2500 ते 3500 मेगाहर्ट्झच्या लहरी वेग देतात, पण टॉवर जवळ हवा. आडवळणाच्या जागी बहुधा पहिल्या गटावरच भिस्त असते. सिग्नल कमकुवत असेल तर फोन फक्त फोर-जीवर ठेवून पाहावा. फोर-जी आणि फाइव्ह-जी यांच्यात सतत उड्या मारणे थांबले की जोडणी स्थिर होते आणि बॅटरीही टिकते. बऱ्याच देशांत थ्री-जी बंद झाले आहे. जिथे टू-जीही उरलेले नाही, तिथे व्होल्टी (फोर-जीवरून कॉल करण्याची सोय) नसलेला जुना फोन डेटा चालवील, पण कॉल लावणार नाही.

राउटर शक्यतो 12 व्होल्टवर थेट चालणारा घ्यावा, कारण इन्व्हर्टरमधून नेताना वीज वाया जाते. 10 वॅटचा राउटर चोवीस तासांत 240 वॅट-तास, म्हणजे बॅटरीतले सुमारे 20 अँपिअर-तास घेतो. हाच हिशोब उपग्रह इंटरनेटलाही लावावा. स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट सेवेचे उपग्रह साधारण 550 किलोमीटर उंचीवर आहेत, तर जुन्या पद्धतीचे भूस्थिर उपग्रह 35,786 किलोमीटरवर. म्हणूनच जुन्या सेवेत दर बोलण्यामागे अर्ध्या सेकंदाहून अधिक रेंगाळ जाणवते आणि स्टारलिंकवर व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो. पण स्टारलिंकची 40 वॅटची लहान डिश दिवसभर चालू ठेवली तर तीच एकटी 80 अँपिअर-तास संपवते, आणि झाडाखालची सावलीची जागा तिला अजिबात मानवत नाही. काही देशांत अशा डिशला किंवा सॅटेलाइट फोनला परवानगी नसते. तिथे ते उपकरण नुसते जवळ सापडले तरी अडचण होते.

कॅम्पच्या वाय-फायवर कामाची भिस्त ठेवू नये. दांड्या पूर्ण दिसतात त्या कॅम्पच्या वाय-फायच्या डबीपर्यंतच्या. तिच्यामागची एकच लाइन संध्याकाळी सगळे मुक्कामी वाटून घेत असतात. मोठ्या फायली पहाटे उतरवाव्यात, आणि बँकेचे व्यवहार आपल्याच डेटावर करावेत.

कंपन्यांचे कव्हरेज नकाशे गणिताने काढलेले असतात आणि बहुधा उघड्यावरचा सिग्नल दाखवतात, तेव्हा जागा ठरवताना त्यातले थोडे वजा करावे. पोहोचल्यावर गाडी स्थिर करायचे पाय टेकवण्याआधी दोन्ही सिमचे आकडे पाहावेत. टेकडीच्या आडून वीस-तीस मीटर सरकल्यानेही चित्र बदलते. रस्त्याचे नकाशे आधीच उतरवून ठेवावेत आणि पुढचा मुक्काम घरी कळवावा. कॉल लागत नसेल तिथे एसएमएस अनेकदा जातो. आपल्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी 112 हा क्रमांक हाताशी असलेल्या दुसऱ्या नेटवर्कवरून लागू शकतो, म्हणून ‘सेवा नाही’ असे दिसले तरी संकटात तो लावून पाहावा.

निघण्याच्या आठवडाभर आधी घरचे ब्रॉडबँड बंद करून एक पूर्ण दिवस गाडीतच बसून काम करावे. कोणती वायर आखूड पडते, राउटर किती तापतो आणि संध्याकाळी बॅटरीत किती उरते, हे सगळे त्या एका दिवसात कळते, आणि दुकान जवळ असेपर्यंत ते दुरुस्तही करता येते.